मादी म्हणायचं ठरलं होतं

आमच्या घरी बंदूक होती असं सांगितलं की मराठी माणसं आधी हेच विचारतात, "आई काही म्हणाली नाही?" बाबांबद्दल कोणी विचारत नाही. पुरुषाला काहीही सुचू शकतं, त्याला आवरणं हे बाईचं काम, हे आपण इकडे अमेरिकेत येताना बॅगेत लोणच्याच्या बरण्यांबरोबर भरून आणलेलं असतं. तर सांगते. आई म्हणाली होती. "अरे, पक्षीच खायचाय ना तुला? मेलेला, सोललेला, पिशवीत घातलेला मिळतो दुकानात. त्याच्यामागे चिखलातून कशाला धावायचं?" आई पुण्याची, शाकाहारी, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारी. तिने एवढं म्हटलं आणि मग स्वतःच तळघरात जागा करून दिली. पाणी तापवायच्या टाकीशेजारी, तांदळाच्या पोत्यापलीकडे, कुलपाचं लोखंडी कपाट. किल्ली बाबांच्या गळ्यात, जानव्याच्या जागी. हा विनोद आईचा, माझा नाही.

बाबा नागपूरचे. तिथे असताना त्यांनी पोलिसाच्या खांद्यावरची सोडून बंदूक पाहिली नव्हती. ॲन आर्बरला आल्यावर त्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या वॉल्ट नावाच्या म्हाताऱ्याने त्यांना एका शरद ऋतूत आपल्या शेतावर फेझंट मारायला नेलं आणि तेव्हापासून बाबा कामातून गेले. फेझंट म्हणजे कोंबड्याएवढा, लांब शेपटीचा पक्षी. गवतात दडून बसतो. कुत्रं अगदी नाकाशी आलं की एकदम पायाखालून भडका उडाल्यासारखा उठतो, आणि ज्याने हे पहिल्यांदा पाहिलं तो माणूस बंदूक विसरून मागे सरकतो. बाबाही सरकले होते. ती शरम त्यांनी पुढची दहा वर्षं सरावात घालवली. रोज ऑफिसमधून आले की चहाआधी तळघरात. बंदूक उघडून, दोनदा रिकामी बघून, नळीत छोटा टॉर्च खोचून, भिंत आणि छत मिळतात त्या रेषेवरून तो उजेडाचा ठिपका या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचा. बंदुकीचा दस्ता, म्हणजे मागचा लाकडी भाग, गालाला आधी, खांद्याला मग. डोकं वर उचलायचं नाही. हात थांबवायचा नाही. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून होमवर्क करायचे आणि तो ठिपका बघायचे. तिसरीपासून. तो जिना माझा होता. हे मी आज हसत लिहिते आहे असं कोणी समजू नये.

वॉल्टच्या धान्याच्या कोठीमागे मातीच्या तबकड्या उडवायचं एक यंत्र होतं. पायाने पट्टी दाबली की तबकडी सुटते. अमेरिकन लोक बंदूक खांद्याला लागली की "पुल", म्हणजे "ओढ", असं ओरडतात आणि मग यंत्रावरचा माणूस तबकडी उडवतो. पहिल्याच दिवशी पट्टीवर आईला उभं केलं होतं. बाबा "पुल!" म्हणून ओरडले आणि आई म्हणाली, "कुठला पूल?" तिच्या डोळ्यांसमोर म्हणे नदीवरचा पूल आला. तीनदा असं झालं. मग बाबा चिडून म्हणाले, "बरं बाई, मी 'सोड' म्हणतो, मग तर सोडशील?" तेव्हापासून आमच्याकडे "सोड!" म्हणजे तबकडी येते आहे, मार. सोड, आणि धाड. सोड, आणि धाड. वॉल्टसुद्धा "सोद" म्हणायला शिकला.

मी सोळा वर्षांची होणार त्याच्या आदल्या मोसमात बाबा मला म्हणाले होते, "पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी तू माझ्याबरोबर." वॉल्टचा नियम होता: मोसमाच्या पहिल्या सकाळी त्याच्या शेतात पाहुण्यांच्या फक्त दोन बंदुका. तो स्वतः गुडघ्यांमुळे बंदूक सोडून कुत्री सांभाळायचा. म्हणजे एक जागा बाबांची आणि एक माझी. मी सुरक्षेचा कोर्स केला, परीक्षा दिली, शिकाऱ्यांची नारिंगी टोपी घेतली, ती घालून आरशासमोर उभी राहिले. वर्षभर.

आणि ऑगस्टमध्ये स्नेहलताई आली.

ती बाबांच्या नागपूरच्या हॉस्टेलमधल्या मित्राची मुलगी, तिथेच वाढलेली. आमच्याच गावात मास्टर्स करायला आली आणि शनिवार-रविवार बसने आमच्या घरी. "तिला घरचं वाटू दे," असं आई म्हणाली. घरचं तिला इतकं वाटलं की दुसऱ्या रविवारी बाबा तिच्याबरोबर स्वयंपाकघरात सावजी मसाला भाजत होते, धुराने अलार्म कोकलत होता आणि बाबा पुसायच्या फडक्याने त्याला वारा घालत म्हणत होते, "काय वं पोट्टे, घर जाळून राहिली काय?" ती म्हणाली, "हौ काका, तुमचंच तर आहे, माझं काय जाऊन राहिलं!" आणि बाबा हसले. मी ते हसू ओळखत नव्हते. सोळा वर्षं एका छपराखाली राहून मी ते ऐकलं नव्हतं. पोटातून येणारं, शेवटी खोकल्यात जाणारं. आईबरोबर त्यांची मराठी धुतलेली, इस्त्री केलेली असायची. माझ्याशी अर्धी इंग्लिश, कारण मी उत्तरं इंग्लिशमध्ये द्यायचे. आणि हिच्याबरोबर एक तिसरीच भाषा निघाली होती, जिच्यातलं मला निम्मं कळत नव्हतं. मी विचारलं की बाबा म्हणायचे, "काही नाही गं, तुला नाही समजणार." हे वाक्य घराघरांतून मुलांना सांगितलं जातं. सांगणाऱ्याला ते प्रेमळ वाटतं. ते प्रेमळ नाही. ते दार आहे, आणि कडी आतून लावलेली आहे.

तिचा रस्सा चांगला होता, हेही लिहायला हवं. तीन वाट्या प्यायले मी. रागाने.

मग ती तळघरात उतरली. माझ्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "काका, मी करून बघू?" व्हिसावर असलेल्या माणसाला इथे बंदूक धरायची तर शिकारीचा परवाना लागतो, आणि तिने तो दोन आठवड्यांत काढला, मला जो कोर्स करायला अख्खा उन्हाळा लागला तो रात्री जागून संपवला. सप्टेंबरमध्ये वॉल्टच्या शेतावर पहिली तबकडी तिने चुकवली. दुसरी फुटली. तिसरी, चौथी, पाचवी फुटली. वॉल्टने शिट्टी वाजवली. बाबा नुसते बघत राहिले. मी पट्टीवर होते. तिच्या प्रत्येक "सोड!"ला मी पाय दाबत होते आणि आकाशात काळा धूर झाल्यासारखी तबकडी विरत होती.

"बघ रेवा," बाबा मला म्हणाले, "ती काय करते बघ. ती पक्ष्याकडे बघते. तू बंदुकीकडे बघतेस."

"आय ॲम लुकिंग ॲट द बर्ड, बाबा."

"नाही. तू बघतेस की मी बघतोय का." हे त्यांनी हसत म्हटलं. खरं होतं, म्हणून मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

ऑक्टोबर जवळ आला आणि पहिल्या सकाळी कोण जाणार हे कोणी बोलेना. मीच बोलले. आयुष्यातलं पहिलं पत्रक मी तेव्हा लिहिलं आणि फ्रिजवर चिकटवलं. आता जर्सी सिटीत भाडेकरूंसाठी लिहिते त्यापेक्षा ते धारदार होतं. वर मोठ्या अक्षरांत "अ प्रॉमिस इज अ प्रॉमिस". खाली मागण्या. शेवटी सह्यांसाठी जागा. आईने स्पेलिंगच्या दोन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि सही केली. स्नेहलताईनेही केली! "बरोबर आहे तिचं, काका. तिला न्या, मी पट्टी दाबते." माझ्या पत्रकावर, माझ्या विरोधात, माझ्या बाजूने. असा संताप मला नंतर एकाही घरमालकाचा आला नाही.

बाबांनी सही केली नाही. ते म्हणाले, शेतात भावना चालत नाहीत, जखमी पक्षी गवतात तडफडत मरतो, म्हणून जी जास्त नेम साधेल ती येईल. पंचवीस-पंचवीस तबकड्या. मी चौदा फोडल्या. तिने बावीस. मी हरले हे मला मान्य होतं. वचनाची परीक्षा का झाली, हे मला आजही मान्य नाही.

त्यांनी मला दुसरं काम दिलं. "तुझे डोळे आपल्या सगळ्यांत चांगले. तू मधून चाल आणि ओरडून सांग." कारण कायद्याने फेझंटचा फक्त नर मारता येतो. नर रंगीत, गळ्यात पांढरा पट्टा, उठताना कर्कश ओरडतो. मादी तपकिरी आणि मुकी. पण सकाळी ऊन समोरून आलं की सगळे पक्षी काळे दिसतात, आणि विचार करायला एक श्वासभर वेळ असतो. म्हणून ठरलं: मी "नर!" किंवा "मादी!" ओरडायचं. दोनच शब्द. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून आम्ही चौघांनी हे ठरवलं, बाबांनी माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं.

त्याच दुपारी स्नेहलताईने गॅसवरच्या पातेल्याचं झाकण हाताने उचललं. झाकण तापलेलं होतं. बाबा ओरडले, "सोड!" तिने ते सोडलं, पण त्याआधी तिचा उजवा खांदा पुढे आला, डावा हात वर गेला, गाल खाली झुकला. नसलेली बंदूक तिने धरली होती. झाकण फरशीवर गरगरत होतं आणि ती रिकामे हात समोर धरून उभी. सगळे खूप हसलो. आईच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. मीही हसले. पण बाकीचे हसून विसरले आणि मी विसरले नाही. एवढाच फरक.

पत्रकात मी "गैरसमज झाला" हे वाक्य कोणाला लिहू देत नाही. गैरसमज आपोआप होत नाही, तो कोणीतरी करतं. तेव्हा मी काय केलं ते सरळ लिहिते.

पहिल्या सकाळी गवतावर दहिवर होतं. डावीकडे बाबा, उजवीकडे स्नेहलताई, मध्ये मी आणि वॉल्ट, पुढे त्याची कुत्री पेनी नाक जमिनीला लावून नागमोडी धावत होती. पहिला उठला तो ओरडतच उठला. मी म्हटलं "नर!" आणि स्नेहलताईने त्याला अशा सहजतेने खाली आणलं, जणू बोटाने दाखवलं. बाबा तिकडून ओरडले, "वा रे पोट्टे!" वॉल्टने माझ्या पाठीवर थाप मारली, चांगलं सांगितलंस म्हणून. मला ती थाप नको होती. मला ते पोट्टे हवं होतं.

मग आम्ही वळलो आणि ऊन समोर आलं. पेनीची शेपटी जोरात हलायला लागली. स्नेहलताईच्या पायाशी गवत फाटलं आणि एक पक्षी आवाज न करता उठला. मला दिसली. मादी. काळी दिसत होती, पण शेपटी आखूड, गळा कोरा, आणि मुकी. तोंड उघडलं तेव्हा "मादी" जिभेवर होतं. मी ओरडले, "सोड!"

सोड म्हणजे जाऊ दे. कोणत्याही शब्दकोशात बघा. मी काही चुकीचं बोलले नव्हते.

बंदूक वाजली. पक्षी गवतात पडला. पेनीने तोंडात धरून आणला आणि वॉल्टच्या हातात दिला. तो तपकिरी होता.

वॉल्ट कोणावर ओरडला नाही. त्याने स्नेहलताईच्या हातातून बंदूक घेतली, उघडली, काडतुसं काढून खिशात घातली आणि फोन काढला. आपल्या शेतात असं झालं तर आपणच कळवायचं, कोणी कळवण्याआधी, हा त्याचा आणखी एक नियम. बाबा धावत आले. "अगं, ती ओरडली ना सोड म्हणून!" ते स्नेहलताईला म्हणाले. "ऐकलं नाहीस?" ती पांढरी पडली होती. "ऐकलं काका," ती म्हणाली. "ऐकलं म्हणूनच..." आणि तिने माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मग म्हणाली, "माझीच चूक झाली."

तासाभराने शिकार खात्याची ऑफिसर आली, एक उंच बाई, नम्र. तिने परवाने पाहिले, मादी पिशवीत घातली, कोण कुठे उभं होतं ते विचारलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तू काय ओरडलीस?" आता बघा, खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. भाषांतर पुरलं. "आय सेड, लेट इट गो."

"गुड कॉल, किड," ती म्हणाली आणि लिहून घेतलं.

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतके महिने ज्याची वाट पाहिली तो हात. स्नेहलताई दंडाची चिठ्ठी हातात धरून विचारत होती, याने माझ्या व्हिसाचं काही होईल का, आणि ऑफिसर सांगत होती की ते तिला माहीत नाही. तिची शिकार त्या मोसमापुरती बंद. पुढे काही वाईट झालं नाही, ती शिकली, नोकरीला लागली. पण ज्या ज्या फॉर्मवर आधी कधी दंड झालाय का असं विचारलं होतं तिथे तिला ती मादी लिहावी लागली, आणि बंदूक तिने परत हातात घेतली नाही. तसा नेमाचा हात मी नंतर कोणाचा पाहिला नाही.

दुपारी आम्ही घरी आलो. चार वाजता मी वर गेले तर पाहुण्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि ती भारतात आईशी फोनवर बोलत होती. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. तिने आईला उठवलं होतं. "नाही वं आई, पोट्टी बरोबर ओरडली होती. मीच घाई केली. नाही, रडून नाही राहिली." ती रडत होती. हे मला पूर्ण समजलं, शब्दन् शब्द.

फोन संपल्यावर मी आत गेले. म्हटलं, "ताई, मी..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मादी म्हणायचं ठरलं होतं."

"आय ॲम सॉरी."

"असशील. पण मी आत्ता तुला माफ करून नाही राहिली, रेवा. उगाच कशाला खोटं बोलू? काकांना तू सांग. मी नाही सांगणार."

"तू का नाही सांगितलंस तिथेच?"

"कोणाला? त्या बाईला? काय सांगू, की सोड म्हणजे सोड आणि सोड म्हणजे मार?" ती थोडी हसलीसुद्धा, नाक पुसत. "आणि तुझे बाबा तिथंच उभे होते ना वं."

म्हणजे तिने मला वाचवलं होतं. हेही तिला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. त्या दाराशी उभी असताना, माझ्यामुळे ती रडत असताना, मला तिचा पुन्हा हेवा वाटला. याची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त आहे.

बाबा खाली तळघरात वर्तमानपत्र पसरून तिने सकाळी चालवलेली बंदूक पुसत होते. तेलाचा वास येत होता. मी जिन्यात थांबले नाही, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, मी सोड म्हटलं."

"ऐकलं की मी."

"मादी म्हणायचं ठरलं होतं. मी सोड म्हटलं."

त्यांचा हात थांबला. त्यांनी चिंधी वर्तमानपत्रावर ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे काय म्हणायचं होतं तुला? इंग्लिशमध्ये सांग. तुला नीट येते त्या भाषेत सांग."

आणि इंग्लिशमध्ये मला लपायला जागा नव्हती. मी म्हटलं, "आय वॉन्टेड हर टु शूट."

त्यांनी बंदूक कपाटात ठेवली, कुलूप लावलं. माझ्या शेजारून ते जिना चढून गेले. वर तिच्या दारावर टकटक ऐकू आली, दार उघडलं, खुर्ची सरकली. मग त्यांचा आवाज सुरू झाला, खालचा, अडखळणारा, त्या तिसऱ्या भाषेत. मध्येच तिचा. माझं नाव दोनदा आलं. एकदा बाबांचा आवाज फुटला आणि ती त्यांना समजावत होती असं वाटलं, पण काय म्हणून समजावत होती ते कळेना. मी पायरीवर बसून कान देऊन ऐकत होते आणि निम्मं हातातून निसटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा गाळत होती. मी तिच्याकडे वही-पेन घेऊन गेले आणि म्हटलं, मला नीट मराठी शिकव.

आई खूश झाली. तिला वाटलं, अखेर मुलीला मायबोलीची ओढ लागली. मला फक्त ते दोघं माझ्याबद्दल काय बोलले होते ते कळायला हवं होतं.